एका पुळीची धास्ती

धाराशिवसारख्या गांवीं औषधांच्या दुकानदाराला एकेका कुटुंबाच्या तीन पिढ्या नांवानिशीं ठाऊक असतात. त्यामुळें गुह्य जागीं एखादी पुळी उठली, तर मनुष्य गांवांतल्या डॉक्टराकडे न जातां सोलापूरची गाडी धरतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, महिना दोन महिने तोंड मिटून बसतो. घरांत सासू, जावा, नणंदा यांचा सदैव वावर. नव्या सुनेनें आपली शंका बोलावी तरी कोणापाशीं? रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२७ सालीं काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकांत असल्या शंकांना उघड उत्तरें दिलीं, तर १९३४ सालीं त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनीं मांडली. संकोच मात्र अद्याप पुरता गेलेला नाहीं.

ह्या धास्तीचें नांव बहुधा ‘हर्पीस’ असतें. शब्द ग्रीक, अर्थ सरपटणारा. संस्कृतांतील ‘सृप्’ धातूचें तें सख्खें भावंड. आपला ‘सर्प’ आणि आयुर्वेदांतला ‘विसर्प’ त्याच कुळांतले. आपण जिला नागीण म्हणतों, तीहि डॉक्टरी भाषेंत हर्पीसच, ‘झोस्टर’ नांवाचा. आणि येथेंच घोटाळा होतो. आजोबांच्या कागदावर तो शब्द वाचून घरांत भलताच संशय शिरतो. नागीण ही कांजिण्यांच्या विषाणूची. लहानपणीं येऊन गेलेला तो विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो व उतारवयांत किंवा अशक्तपणांत अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखा उठतो. शीलाशीं त्याचा सुतराम् संबंध नाहीं. नागिणीचें तोंड व शेपूट जुळलें कीं मनुष्य दगावतो, ही समजूतहि निराधार होय.

साधा हर्पीस वेगळा. त्याचे प्रकार दोन. तापानंतर ओठाच्या कडेला उठणाऱ्या पुळ्या बहुधा पहिल्या प्रकाराच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणें ५० वर्षांखालील सुमारें ३८० कोटि लोकांत हा आहे. पुष्कळांना तो बाळपणींच, घरच्यांच्या मुक्यांतून मिळालेला असतो. दुसरा, मुख्यतः शरीरसंबंधांतून येणारा, १५ ते ४९ वयाच्या सुमारें ५२ कोटि लोकांत आहे. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. म्हणून आज उठलेला फोड कित्येक वर्षांपूर्वींच्या संसर्गाचाहि असूं शकतो. शिवाय पहिला प्रकारहि गुह्यांगावर येतो. एवढ्यावरून पतिपत्नींनीं एकमेकांवर आरोप करणें न्यायाचें नव्हे.

संसर्ग झाल्यास २ ते १२ दिवसांत आग, मग पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचा घोस, ते फुटून दुखरे व्रण, कधीं ताप आणि जांघेंत अवधाण, असा क्रम दिसतो. फोड ओला असतांनाच, शक्य तर ४८ तासांच्या आंत, डॉक्टरांना दाखवावा. त्यांतील लस बोळ्यानें टिपून पी.सी.आर. तपासणी करितां येते. खपली धरल्यावर ती संधि जाते. रक्तांतील आय.जी.जी. प्रतिपिंडें दिसूं लागण्यास १२ आठवडेपर्यंत लागतात. चार दिवसांत रक्त देऊन ‘कांहीं नाहीं’ असा कागद आणला, तर त्याला फारसा अर्थ नाहीं. आय.जी.एम. तपासणीवर तर पैसे दवडूंच नयेत. आय.जी.जी.चा आंकडा कांठावर असला तर तो पुष्कळदां खोटा ठरतो. दुसऱ्या पद्धतीनें खात्री करावी. लक्षण मुळींच नसतांना निव्वळ धास्तीपोटीं ही तपासणी करूं नये, असाच तज्ज्ञांचा कल आहे.

मात्र व्रण असेल तर उपदंश व एच.आय.व्ही. यांची तपासणी अवश्य करावी. उपदंशाचा व्रण बहुधा दुखत नाहीं, म्हणूनच फसवतो. हर्पीसवर असायक्लोव्हिर लवकर घेतल्यास त्रास कमी होतो. विषाणू समूळ जात नाहीं. गर्भवतीनें तर ही गोष्ट बिलकुल लपवूं नये. अखेरच्या महिन्यांत प्रथमच संसर्ग झाला, तर बालकाच्या जिवाला धोका असतो.

जिल्हा रुग्णालयांतून ‘सुरक्षा क्लिनिक’ ह्या नांवानें अशा रोगांची सोय विनामूल्य असते व नांव गुप्त राखिलें जातें. जातांना फोडावर हळद, तुरटी किंवा कसलेंहि मलम लावून जाऊं नये. तो जसा उठला तसाच डॉक्टरांच्या दृष्टीस पडला पाहिजे.