नोट रंगण्याआधी मागणी हवी!

जळगाव जिल्ह्यातल्या भडगावात फेरफार नोंदीसाठी कुणी पैसे मागितले, तर फिरवायचा नंबर १०६४. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं जळगावचं पथक नाशिक परिक्षेत्रात येतं. पण तक्रार आली की लगेच सापळा लागत नाही. आधी पडताळणी! साहेब खरंच पैसे मागतात का, हे पंचासमोर ऐकायचं, रेकॉर्ड करायचं. मागणीच झाली नाही, तर सापळ्याला पायाच उरत नाही.

मग नोटांना पावडर. अँथ्रासीन साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. फिनॉल्फ्थॅलिनची गंमत निराळी : ती लागलेली बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी! म्हणून तक्रारदाराला तंबी असते : मागितल्याशिवाय नोटा काढू नका, हात मिळवू नका.

बोटं रंगली म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असंही नाही. मागणी आणि स्वीकार, दोन्ही सिद्ध व्हावे लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये नीरज दत्ता खटल्यात पुन्हा बजावलं. तक्रारदार फितूर झाला तरी इतर पुराव्यांवरून ते सिद्ध करता येतं, हेही सांगितलं.

‘मला मोहात पाडलं’ हा सापळ्यात अडकलेल्याचा बचाव अमेरिकेत १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. दारूबंदीचा काळ. साध्या वेशातला सरकारी माणूस सॉरेल्स नावाच्या माजी सैनिकाकडे गेला, महायुद्धाच्या आठवणी काढल्या आणि पुनःपुन्हा दारू मागितली. आधी नाही म्हणणाऱ्या सॉरेल्सने अखेर आणून दिली!

आपल्या कायद्यात असा स्वतंत्र बचाव लिहिलेला नाही. पण नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले व्हिव्हियन बोस यांनी १९५६ मध्ये रामजनम सिंग खटल्यात फरक दाखवला : गुन्हा करायलाच निघालेल्याला पकडणं वेगळं, कायद्याच्या रखवालदारांनीच माणसाला मुद्दाम भुलवणं वेगळं. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. प्रामाणिक कारकुनालाही त्याचंच संरक्षण आहे.

मुंबईचे कॉरोनर (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी) मलकानी १९६४ मध्ये लाचेच्या प्रकरणात अडकले ते फोनवर. समोरच्या डॉक्टरच्या फोनला पोलिसांनी टेपरेकॉर्डर जोडला होता. बोलणं जबरदस्तीने वदवून घेतलेलं नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ती टेप पुरावा म्हणून स्वीकारली.

आणि तक्रारदारासाठी : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे. आधी पोलिसांना कळवून सापळ्यासाठी पैसे दिले, तर मात्र नाही. बळजबरीने द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवायचं.