कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी अधिछात्रवृत्ती

महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. पोटाची चिंता मिटली, म्हणूनच कोलंबिया विद्यापीठात १९१६ साली जातिसंस्थेवरील निबंध सिद्ध झाला.

वज्रेश्वरी परिसरातील आपली मुले मात्र बी. ए. होताच शिक्षण सोडतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो : एम. ए.ला ५० टक्के गुण असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास नेट परीक्षा देता येते. त्यात इतिहास, मराठी, पाली हे विषय आहेत. कनिष्ठ अधिछात्रवृत्तीस पात्र ठरल्यास पीएच. डी. करताना दरमहा रक्कम मिळते. पुण्याची बार्टी संस्थाही अधिछात्रवृत्ती देते. जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र आजच काढून ठेवा. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे.