भावाची थट्टा, आयुष्याची वाट

आपली मुलं बँडमध्ये वाजवू लागली की आम्ही पालक हळूच विचारतो, 'तबला का नको?' रुद्रेश महंतप्पांची गोष्ट म्हणूनच सांगाविशी वाटते. जन्म १९७१ चा, इटलीतला. वाढले कोलोरॅडोत, भारतीय आईवडिलांच्या घरी, पण जीव जडला जॅझ सॅक्सोफोनवर. चेहरा पाहून लोक धरून चालत, यांना भारतीय संगीत येणारच! ते येत नव्हतं.

बॉस्टनला बर्कली संगीत महाविद्यालयात शिकताना भावाने थट्टेने कद्री गोपालनाथांचा अल्बम दिला. सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत! २००८ साली दोघांचा एकत्र अल्बम निघाला, 'किन्समेन', म्हणजे भाऊबंद. २०१६ मध्ये ते प्रिन्स्टन विद्यापीठात जॅझ विभागाचे संचालक झाले.

मंडळी, मुलांवर काही लादू नये. घरात आपली गाणी मात्र वाजती ठेवावीत.