समस्यापूर्ती

समस्यापूर्ती म्हणजे दुसऱ्याने दिलेली ओळ, शब्द अथवा विषय घेऊन ठरलेल्या मुदतीत कविता रचणे. दिलेल्या भागास 'समस्या' व रचलेल्या उत्तरास 'पूर्ती' म्हणतात. येथे समस्या या शब्दाचा अर्थ अडचण असा नसून 'जोडून पुरा करावयाचा पद्यभाग' असा आहे. पूर्वी ही कला राजसभेत रंगे. आज मराठीत ती मुख्यतः संकेतस्थळांवर व व्हॉट्सॲपवरील काव्यसमूहांत चालते. तेथे आठवड्याला, काही ठिकाणी रोज, एक ओळ वा शब्द दिला जातो आणि सभासद त्यावर लिहितात.

== स्वरूप ==

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत 'काव्यसमस्यापूरण' ही स्वतंत्र कला आहे. संस्कृतात बहुधा श्लोकाचा शेवटचा चरण दिला जाई आणि तो मुद्दाम विसंगत वाटेल असा निवडलेला असे. पहिले तीन चरण रचून त्या विसंगतीला अर्थ प्राप्त करून देणे हे कवीचे काम. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'तील भोज व कालिदास यांच्या अनेक आख्यायिका अशाच प्रसंगांच्या आहेत. इतिहास म्हणून त्यांना किंमत नाही, पण या खेळाची गोडी त्यांतून पुरेपूर कळते.

उर्दू मुशायऱ्यातील 'तरही' हा प्रकार याहून काटेकोर आहे. तेथे दिलेल्या ओळीबरोबर तिचे वृत्त, यमक (काफिया) आणि अंत्ययमक (रदीफ) हेही बंधनकारक होतात. समजा, 'वाट माझी पावसाने रोखली आहे' अशी ओळ दिली. तर 'आहे' हे अंत्ययमक प्रत्येक शेरात जसेच्या तसे यावे लागेल. 'रोखली'शी जुळणारी 'वाचली', 'टांगली', 'झाकली' अशी यमके शोधावी लागतील. आणि सर्व ओळी गालगागा गालगागा गालगागागा या लगक्रमात बसवाव्या लागतील. पाऊस मात्र कवितेत राहिलाच पाहिजे असे नाही. नवोदितांचा गोंधळ होतो तो येथेच: ते ओळीचा विषय धरून ठेवतात आणि वृत्त सोडून देतात. माधव जूलियन यांनी मराठीत रुजविलेल्या व पुढे सुरेश भटांनी लोकांपर्यंत नेलेल्या गझलेबरोबर तरहीची रीतही मराठीत आली. १९९६ साली सुरू झालेल्या 'मायबोली' या संकेतस्थळावर गझलेच्या कार्यशाळाही झाल्या.

== मराठी परंपरा ==

मोरोपंतांनी स्वतःच स्वतःला घातलेली बंधने प्रसिद्ध आहेत. त्यांच्या 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरे वर्ज्य आहेत. कलगी-तुऱ्याच्या फडांत प्रतिपक्षाने टाकलेल्या सवालाला पद्यातच जवाब द्यावा लागे. घरोघरचा उखाणा हाही या कुळातलाच. त्यात नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव ही समस्या, आणि त्या नावाशी जुळणारे यमक आयत्या वेळी, भरल्या मांडवात सुचले पाहिजे.

नेमून दिलेल्या कवित्वाचा सर्वांत मोठा दाखला मात्र संत तुकारामांचा आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपल्याला जागे केले आणि कवित्वाचे काम सांगितले, असे त्यांनी एका अभंगात म्हटले आहे. नामदेवांची शतकोटी अभंगांची संख्या अपुरी राहिली होती. उरलेली तुकारामांनी पुरी करावयाची होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका कवीचे अपुरे काम हीच येथे समस्या झाली. तिला दरबारी समस्यापूर्तीच्या पंक्तीला बसविणे योग्य नाही, हे खरे. तरीही जे दिलेल्या कामातून जन्मते ते खरे काव्य नव्हे, हे मत मराठीत का टिकत नाही, ते या एका उदाहरणावरून दिसते.

हे मत तसे अलीकडचे आहे. इंग्रजी स्वच्छंदतावादी काव्याच्या परिचयानंतर, केशवसुतांच्या काळापासून, कविता आतून उमलते आणि कवी कोणाच्या हुकमावर गात नाही ही धारणा दृढ झाली आणि समस्यापूर्ती करमणुकीच्या सदरात गेली. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने तिची एक बाजू मात्र राखली, ती म्हणजे नेमाने एकत्र येण्याची. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी रविवारी चहाच्या निमित्ताने जमत व कविता वाचत. (त्यांचे विडंबन करणाऱ्या केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'तही दुसऱ्याचीच ओळ घेऊन पुढे जावयाचे होते, ही गंमत लक्षात घेण्याजोगी आहे.)

जपानच्या राजवाड्यात दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या काव्यवाचनासाठी एक विषय जाहीर केला जातो व सामान्य नागरिकही त्यावर 'तांका' पाठवितात. १८७४ पासून हा मार्ग जनतेला खुला आहे. अमेरिकेत २००३ पासून एप्रिलमध्ये तीस दिवसांत तीस कविता लिहिण्याचा उपक्रम चालतो.

== औद्योगिक पट्ट्यातील स्थान ==

पिंपरी-चिंचवड, भोसरी व चाकण या पट्ट्यात साहित्यप्रेमाची वाण नाही. ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१६ मध्ये पिंपरी येथेच भरले. अडचण वेळेची आहे. येथील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, आणि काम तीन पाळ्यांत चालते. रविवारी सायंकाळी शहरात होणारे कविसंमेलन दुसऱ्या पाळीच्या कामगाराला दुर्लभच. सकाळी आलेली ओळ मात्र कंपनीच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत किंवा रात्रपाळीहून परतल्यावर मनात घोळविता येते. विदर्भ-मराठवाड्यातून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या तरुणाला ओळीपेक्षाही मोलाचे वाटते ते, ती वाचणारे कोणीतरी आहे हे. प्रतिभेची जागा समस्या घेऊ शकत नाही. निमित्त आणि सोबत ती नक्की देते.

== आक्षेप ==

या समूहांवरील मुख्य आक्षेप परस्पर-स्तुतीचा आहे. प्रत्येक रचनेखाली 'अप्रतिम', 'क्या बात' असे शेरे पडतात. मात्रा चुकली आहे हे कोणी सांगत नाही. सन्मानपत्रांचा सुकाळ हा त्याचाच भाग. जेथे जाणकार व्यक्ती लगक्रम तपासते आणि दुरुस्ती सुचविते, तेथील लेखन काही महिन्यांत स्पष्टपणे सुधारते. बंधनाचा उपयोगच तो आहे, कारण चूक बोट ठेवून दाखविता येते.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा. चांगली चारोळी पुढे पाठविताना कवीचे नाव गळते आणि ती निनावी, वा भलत्याच मोठ्या नावाने फिरते. तरही गझलेत मूळ ओळीच्या कवीचा उल्लेख करण्याचा दंडक आहे. तोही अनेकदा पाळला जात नाही. तुकारामांचे अभंग उतरवून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे. त्यांची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. वि. ल. भावे यांनी प्रसिद्ध केलेला गाथा संताजींच्या वह्यांवर आधारलेला आहे. समूहावरील रचना दूरध्वनी बदलला की नाहीशा होतात. म्हणून काही समूह वर्षाअखेरीस निवडक पूर्ती, मूळ समस्या, तारीख व दोन्ही कवींच्या नावांसह एका वहीत उतरवून घेतात.