विद्यापीठीय उद्योजकता केंद्र

विद्यापीठीय उद्योजकता केंद्र हा उद्योजकतेचे शिक्षण, नव्या उद्योगांना साहाय्य आणि लघुउद्योगांवरील संशोधन ही तीन कामे एकत्रितपणे करणारा विद्यापीठाचा विभाग असतो. त्याच्या प्रमुखास सामान्यतः संचालक म्हणतात. अध्यापन विभागाच्या प्रमुखाचा संबंध मुख्यतः विद्यार्थी व प्राध्यापकांशी येतो. या केंद्राच्या संचालकाला त्यांच्याखेरीज बँका, शासकीय कार्यालये, उद्योजक आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्याशीही काम करावे लागते. एखादा उद्योग केंद्राच्या साहाय्यामुळे उभा राहिला की तो अन्यथाही उभा राहिला असता, हे ठरविणे या कामातील सर्वांत कठीण भाग आहे.

उगम

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९४७ मध्ये माइल्स मेस यांनी नव्या उद्योगांच्या व्यवस्थापनावर अभ्यासक्रम सुरू केला. पुढील वर्षी त्याच विद्यापीठात आर्थर कोल यांच्या नेतृत्वाखाली उद्योजकतेच्या इतिहासाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. ब्रिटनमध्ये लघुउद्योगांविषयी नेमलेल्या बोल्टन समितीचा अहवाल १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर तेथील विद्यापीठांत लघुउद्योग हा स्वतंत्र अभ्यासविषय म्हणून रुजला.

भारतात या विषयाचा आरंभ हैदराबाद येथील स्मॉल इंडस्ट्री एक्सटेन्शन ट्रेनिंग इन्स्टिट्यूटपासून झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ पासून या संस्थेच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना सिद्धिप्रेरणेचे प्रशिक्षण दिले. तुलनेसाठी राजमहेंद्री या शहराची निवड करण्यात आली होती. प्रशिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांची उद्योगविषयक हालचाल तुलनेच्या गटापेक्षा अधिक वाढल्याचे मॅक्लेलंड व डेव्हिड विंटर यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडले. अहमदाबाद येथे १९८३ मध्ये भारतीय उद्योजकता विकास संस्था आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९८८ मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. या दोन्ही संस्था विद्यापीठांच्या बाहेरील आहेत.

संशोधन आणि प्रत्यक्ष उद्योगउभारणी एकाच व्यक्तीने सांभाळल्याचे महाराष्ट्रातील जुने उदाहरण धनंजयराव गाडगीळ यांचे आहे. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासून १९६६ पर्यंत संचालक होते. याच काळात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. गोखले संस्था त्या काळी विद्यापीठ नव्हती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा तिला १९९३ मध्ये मिळाला.

संचालकाचे कार्य

केंद्राला व्यवस्थापनशास्त्र, अर्थशास्त्र, अभियांत्रिकी, कृषी अशा अनेक शाखांतील अध्यापकांची गरज असते. परंतु हे अध्यापक आपापल्या विभागांच्या सेवेत असतात. त्यांचा वेळ मिळविणे, अनुभवी उद्योजकांना मार्गदर्शक म्हणून जोडणे, बीजभांडवलाचे वाटप नियमानुसार करणे आणि विद्यापीठातील शोधांचे स्वामित्वहक्क निश्चित करणे ही संचालकाची नित्याची कामे होत.

यांत हितसंबंधांच्या संघर्षाचा प्रश्न उद्भवतो. ज्या उद्योगाला केंद्राने साहाय्य दिले, त्याच उद्योगाच्या यशाचे मोजमाप केंद्रच करीत असते. त्यामुळे साहाय्य देणारे आणि मूल्यमापन करणारे गट वेगळे ठेवणे हितावह ठरते. संशोधनासाठी उद्योजकांनी दिलेली उलाढाल, कर्ज व नफ्याची माहिती गोपनीय राखणे हीदेखील संचालकाची जबाबदारी असते. एकदा हा विश्वास गमावला, की पुढील सर्वेक्षणात खरी उत्तरे मिळत नाहीत.

मूल्यमापन

केंद्रांच्या वार्षिक अहवालांत प्रशिक्षणार्थींची संख्या, कार्यशाळांची संख्या आणि अभिप्राय यांना ठळक स्थान असते. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठाच्या लघु व मध्यम उद्योग केंद्राचे प्रमुख राहिलेले अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड स्टोरी यांनी लघुउद्योग धोरणांच्या मूल्यमापनाच्या सहा पायऱ्या सांगितल्या. सहभागींची संख्या मोजणे, त्यांचे मत विचारणे आणि साहाय्यामुळे फरक पडला असे त्यांना वाटते का हे विचारणे, या पहिल्या तीन पायऱ्या केवळ देखरेखीच्या होत. साहाय्य मिळालेल्या उद्योगांची इतर सर्वसाधारण उद्योगांशी तुलना, समान वैशिष्ट्यांच्या उद्योगांशी तुलना आणि निवडीतील पक्षपात वगळून केलेली तुलना, या पुढील तीन पायऱ्यांपासून खरे मूल्यमापन सुरू होते. प्रशिक्षणासाठी अर्ज करणारी व्यक्ती मुळातच अधिक उत्साही असू शकते. तिच्या यशाचे सारे श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही. काकिनाडा येथील प्रयोगात तुलनेचे शहर घेण्यामागे हाच विचार होता.

व्याख्येमुळेही अडचण निर्माण होते. भारतात १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म उद्योग ठरतो. घरच्या घरी पापड करणारी महिला आणि काही कोटींची उलाढाल असलेला कारखानदार हे दोघेही या एकाच वर्गात येतात. त्यांची सरासरी काढल्यास ती दोघांनाही लागू पडत नाही.

महाराष्ट्रातील व्यवस्था

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. या कायद्याने अकृषी विद्यापीठांत नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी स्वतंत्र संचालकाचे पद निर्माण केले. कृषी विद्यापीठे मात्र १९८३ च्या वेगळ्या अधिनियमानुसार चालतात. संचालकपद अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविले गेल्यास किंवा पदावरील व्यक्ती वारंवार बदलल्यास उद्योगांचा दीर्घकालीन मागोवा खंडित होतो. उद्योग टिकला की नाही हे कळण्यास काही वर्षे लागतात, तर अहवाल दरवर्षी द्यावा लागतो.

पिंगळी परिसराचे उदाहरण

परभणी जिल्ह्यातील पिंगळी हे गाव परभणी–पूर्णा रेल्वेमार्गावर आहे. अकृषी शिक्षणाच्या दृष्टीने हा जिल्हा १९९४ मध्ये स्थापन झालेल्या, नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. परभणी शहरात १९७२ मध्ये स्थापन झालेले वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ असून, अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय हा त्याचा भाग आहे.

पिंगळीतील एखाद्या बचत गटास डाळ मिल सुरू करावयाची असल्यास प्रक्रियेचे तंत्र कृषी विद्यापीठाकडे, व्यवस्थापनाचे शिक्षण नांदेडच्या विद्यापीठाकडे, शासकीय योजनांची माहिती जिल्हा उद्योग केंद्राकडे आणि कर्ज बँकेकडे मिळते. प्रत्येक संस्था आपापले काम नियमानुसार करीत असली, तरी संपूर्ण उद्योगाचा विचार कोणाच्याही कार्यकक्षेत येत नाही. अशा ठिकाणी केंद्राच्या संचालकाचे काम नवी इमारत उभारण्यापेक्षा या चार संस्थांना एकत्र आणण्याचे अधिक असते.

संशोधनाच्या पद्धतीतही स्थानिक ऋतुचक्र ध्यानात घ्यावे लागते. तुरीची काढणी साधारणतः डिसेंबर–जानेवारीत होते आणि डाळ मिलला त्यानंतर कच्चा माल मुबलक मिळतो. पावसाळ्यात केलेल्या पाहणीत बंद दिसणारी मिल फेब्रुवारीत पूर्ण क्षमतेने चालू असू शकते. एकाच भेटीवरून तिची नोंद ‘बंद पडलेला उद्योग’ अशी झाली, तर चुकीच्या आकडेवारीवर पुढील योजना आखली जाते आणि त्याची झळ पुढच्या अर्जदारास बसते. म्हणून अशा उद्योगांची पाहणी वर्षातून किमान दोनदा, हंगामात व हंगामाबाहेर, आणि सलग काही वर्षे करणे आवश्यक ठरते.