लेकराचे पाय सपाट आहेत?

मुलाचे तळवे सपाट दिसले की घरात काळजी सुरू होते. आजी म्हणते तेल लावून चोळा, शेजारीण म्हणते खास बूट घ्या. बापाच्या मनात वेगळीच धास्ती असते, की पुढे पोलीस किंवा सैन्य भरतीत पोरगा बाद झाला तर?

तर आधी हे समजून घेऊ की बाळाचा पाय सपाटच असतो. तळव्याच्या आतल्या बाजूला चरबीची गादी असते आणि हाडांना बांधून ठेवणारे बंध ढिले असतात. मूल चालू-पळू लागले की हळूहळू कमान तयार होते. कुणाची लवकर होते, कुणाची दहाव्या वर्षापर्यंत. म्हणून तीन वर्षांच्या लेकरासाठी दुकानात धावण्याचे कारण नाही.

घरीच बघता येते. मुलाला टाचा उचलून चवड्यांवर उभे करा आणि पायाची आतली बाजू पाहा. तिथे कमान उमटली, पाय दुखत नाही, मूल धावते, उड्या मारते, तर तो लवचीक सपाट पाय. त्याला औषध लागत नाही. भरतीचे म्हणाल तर, चवड्यांवर कमान येणारा, मोकळा हलणारा, न दुखणारा पाय सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही चालतो, फक्त उमेदवाराला चवड्यांवर नीट धावता आले पाहिजे. त्या भीतीने आतापासून पोराचे खेळ बंद करू नका.

खास बुटांचे काय? अमेरिकेत १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लहान मुलांना तीन वर्षे असे बूट आणि आतल्या गाद्या वापरायला दिल्या. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्याही पायांत तेवढीच सुधारणा झाली. म्हणजे न दुखणाऱ्या पायासाठी उसने काढून महागडे बूट घेणे आम्हाला तरी पटत नाही. पाय दुखत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आत घालायच्या गादीने आराम पडू शकतो, पण ती डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावी.

आपल्याकडचा अभ्यास तर आणखी बोलका आहे. कर्नाटकात सुमारे २,३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले गेले. १९९२ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पायताण घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के पाय सपाट निघाले, अनवाणी वाढलेल्यांत २.८ टक्के. बंद बुटांनी जास्त अडथळा होतो असेही दिसले. याचा अर्थ पोराच्या चपला काढून घ्या असा नाही! गल्लीत काचा, गटाराचे पाणी, सार्वजनिक संडास. तिथे चप्पल हवीच. घरात, विहाराच्या स्वच्छ फरशीवर, वाळूत मात्र खुशाल अनवाणी पळू द्या.

डॉक्टरांकडे कधी जायचे? चवड्यांवर उभे राहूनही कमान येत नसेल, एकच पाय सपाट असेल, पाय ताठ असेल, मूल लंगडत असेल किंवा चालले की पाय दुखतो म्हणून खेळ सोडून बसत असेल, तर थांबू नका. कधी कधी पायातली हाडे जन्मतःच एकमेकांना जोडलेली असतात, आणि ते कळते आठ-दहा वर्षांनंतर, दुखू लागल्यावर. पोटरीची शीर आखडलेली असेल तर ती ताणण्याचे साधे व्यायाम सरकारी दवाखान्यातही शिकवतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ते कधी येणार हे सेविकेला किंवा बाईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मुलाचे पाय आवर्जून दाखवा. पुढची तपासणी लागली तर तेच मोफत उपचारासाठी चिठ्ठी देतात.