तांब्यावर चढलेले मजले

जोवान्नी बात्तिस्ता पिरानेसी स्वतःला वास्तुकार म्हणवायचा. प्रत्यक्षात त्याच्या हातून झालेलं बांधकाम एकच: रोमच्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरच्या लहानशा चर्चची पुनर्रचना (१७६४-६६). बाकी सगळं तांब्याच्या पत्र्यावर. रोम पाहायला येणाऱ्या प्रवाशांना तो शहराची एचिंग्ज, म्हणजे आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, विकायचा. ‘कार्चेरी’, म्हणजे कल्पनेतले तुरुंग, ही मालिका मात्र वेगळी. १७५०च्या सुमारास तिची १४ चित्रं निघाली. त्यातले जिने सुटतात कुठून ते दिसतं. पोचतात कुठे ते कळत नाही.

१७६१ मध्ये त्यानं तेच पत्रे पुन्हा कामाला घेतले. पुन्हा सुईची रेघ, पुन्हा आम्ल. आणखी पूल, आणखी साखळदंड, दाट सावल्या. दोन चित्रं नवी. आधीच्या हवेशीर खोल्या कोंदट झाल्या. कल्पनेतली विचित्र नगरं मुद्राचित्रणातच एवढी का फोफावली, याचं कारण मला इथं दिसतं. कॅनव्हासवर नव्याखाली जुनं गडप होतं. पत्र्यावर ते खरवडून काढावं लागतं, किंवा त्याच्यावरच पुढचं चढवावं लागतं, आणि मधल्या अवस्थांचे ठसे कागदावर मागे राहतात.

शार्ल मेरियाँ हा पॅरिसचा. नौदल सोडलेला, रंगांधळा, म्हणून एचिंगकडे वळलेला. १८५०-५४ या काळात त्यानं जुनं पॅरिस कोरलं आणि लगोलग शहराची पुनर्रचना करणाऱ्या बॅरन ओस्माननं ते पाडायला घेतलं. ‘पाँ-तो-शांज’ या पुलाच्या चित्रात आधी आकाशात एक बलून आहे. पुढच्या ठशांत बलून गायब आणि पक्ष्यांचे काळे थवे. त्याही पुढे बलूनच बलून. खालचा पूल मात्र जागच्या जागी. मेरियाँ १८६८ मध्ये शारेंतोंच्या मनोरुग्णालयात वारला, त्यामुळे ते पक्षी वेडाची खूण ठरवणं सोपं जातं. मला ते पटत नाही. इतका काटेकोर पूल राखणारा हात आकाशात काय करतोय हे पक्कं जाणतो.

डच मुद्राचित्रकार एशरला मी थोडक्यात आटोपतो. ‘रिलेटिव्हिटी’ (१९५३) किंवा पेनरोझ पितापुत्रांच्या अशक्य जिन्यावरून सुचलेलं ‘असेंडिंग अँड डिसेंडिंग’ (१९६०), दोन्हींत चलाखी अफाट; पण कोडं उमगलं की ओढ ओसरते.

अलेक्झांडर ब्रॉडस्की आणि इल्या उत्किन यांचं तसं नाही. सोव्हिएत मॉस्कोत ठोकळेबाज इमारतींखेरीज वास्तुकाराला फारसं काम नव्हतं. या दोघांनी ऐंशीच्या दशकात जपानी वास्तुरचना स्पर्धांना एचिंग्ज पाठवली. ‘कोलंबेरियम हॅबिटाबिले’मध्ये पाडायला निघालेली जुनी घरं एका अवाढव्य काँक्रीटच्या खोक्यात फडताळांवर मांडली आहेत. अट एकच: घरच्यांनी तिथंच राहायचं. ते निघाले की घर पाडलं जाणार. पुनर्विकासाच्या बैठकांना बसलेल्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातला काळा विनोद समजावून सांगायला नको.

आता हलणारे मनोरे आणि शहरं. रशियन कलाकार तात्लिननं १९२० मध्ये पेत्रोग्राडला मांडलेल्या मनोऱ्याची उंची ४०० मीटर ठरली होती. आतला घन वर्षात एक फेरा घेणार, पिरॅमिड महिन्यात, दंडगोल दिवसात. उभं राहिलं ते नमुन्यापुरतंच. शिल्पकार निकोला शॉफरचा ५२ मीटरचा मनोरा बेल्जियममधल्या लिएजला १९६१ मध्ये खरोखर उभा राहिला. पॅरिससाठीचा ३०७ मीटरचा कागदावरच राहिला.

अमेरिकन कलाकार ख्रिस बर्डनचं ‘मेट्रोपोलिस टू’ (२०१०) लॉस एंजेलिसच्या लॅक्मा संग्रहालयात आहे. ११०० खेळण्यातल्या मोटारी १८ रस्त्यांवरून धावतात: चुंबकाच्या पट्ट्यानं वर चढायचं, उतारानं खाली यायचं. तासाला सुमारे एक लाख मोटारींइतकी ये-जा होते. खडखडाट प्रचंड. आणि त्या शहराच्या मधोमध एक जिवंत माणूस उभा असतो, अडकलेल्या गाड्या सोडवायला. आधीच्या हलत्या मनोऱ्यांच्या कल्पनेत असा माणूस नाही, म्हणून ते नुसते हलतात. तरी निवडच करायची झाली, तर माझं मत तांब्याच्या पत्र्याला. ‘कार्चेरी’च्या दोन्ही आवृत्त्या मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात, एकच पत्रा शोधा आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवून बघा.